पाणी वाटणारी रेघ

आमच्या गल्लीत कुणी 'पाणी आलं' म्हणत नाही.
एक दिवसाआड, पहाटे पावणेपाचला,
समोरच्या गेंदाबाई जिन्यातून ओरडतात,
'नर्मदा आ गई!'
आणि आई अर्ध्या झोपेत मधल्या भिंतीवर वाटी ठोकून
पलीकडे पोचवते, 'नर्मदा आली हो.'
पाहुणी दारात, आणि बादल्या अजून पालथ्या.

सदूकाका पाणीपुरवठ्यात नकाशे काढायचे.
सदानंद पागनीस, ड्राफ्ट्समन,
अंगठ्याच्या नखात जन्मभर काळी शाई.
मी चौथीत असताना त्यांनी मला जानापाववर नेलं,
महूपर्यंत बस, पुढे जीप, पुढे पाय.
वर कुंड, माकडं आणि एक चहावाला.
इथून साडेसात नद्या निघतात, असं गाव म्हणतं.
अर्धी कोणती, काकांनी विचारलं.
'जी होळीपर्यंत टिकत नाही ती,' चहावाला म्हणाला,
आणि गाळणं झटकलं.

मग काकांनी बाटलीतलं पाणी
दगडाच्या कण्यावर ओतलं, हात जराही न हलवता.
धार दुभंगली.
'ही इकडची चंबळ. वर जाईल, यमुनेला मिळेल,
गंगेचं बोट धरून बंगालच्या समुद्रात.
ही तिकडची चोरल. घाट उतरली की नर्मदा,
मग भडोच, मग पश्चिमेचा समुद्र.'
एका बाटलीचे दोन समुद्र.
'आणि मधलं?' मी म्हटलं.
दगडावर तळव्याएवढा ओलावा उरला होता,
बघता बघता तोही उन्हाने पिऊन टाकला.
काका म्हणाले, 'ते आपलं.'

घरी त्यांच्याकडे एक ट्रेसिंग होतं,
कडा पिवळ्या, मधोमध विंध्याची रेघ,
टिंब-डॅश, टिंब-डॅश,
पाणी वाटणारी.
तिच्या खाली जलूद. जलूदपासून वर
दुसरी रेघ, लाल, पाइपाची, मोटारींची,
पहिलीला छेदून थेट इंदूरपर्यंत.
'ही काढताना माझा हात थांबला होता,' ते म्हणायचे.
'पाणी उतारावरून येतं. हे चढावरून आलं.
नदीला आपण जिना चढायला लावला.'
काकूला हे पाठ होतं.
'चढली म्हणून तुमचा चहा झाला. प्या.'

काकूने तांदूळ धुतले,
ते पाणी मोरीतून कान्हमध्ये गेलं.
जुन्या इंदूरच्या पुलाखाली कान्ह काळी,
साबणाचा फेस, झेंडूच्या माळा, एक चप्पल.
कान्ह क्षिप्रेत. क्षिप्रा चंबळेत.
चंबळ यमुनेत. यमुना गंगेत.
म्हणजे जी शोणावर रुसून
लग्नाच्या मांडवातून उलटी फिरली,
पश्चिमेला, एकटी, कडे फोडत,
जिने पुन्हा मागे वळून पाहिलं नाही,
तिला आम्ही
आमच्या मोऱ्यांतून पूर्वेला पाठवतो,
खरकट्यासकट,
आणि पाटण्याच्या अलीकडे कुठेतरी
शोण येऊन गंगेला मिळतो.

तिथे काय बोलणं होत असेल?
ओळखत असेल तो तिला,
इतक्या घरांच्या डाळीच्या वासातून?
काकांना एकदा विचारलं होतं.
त्यांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला.
'संगमाच्या पुढे,' म्हणाले,
'नकाशात एकच नाव लिहायची पद्धत आहे.'

आता काका नाहीत. ट्रेसिंग माझ्याकडे आहे,
लाल रेघ विटत विटत गुलाबी झाली.
आज नळाने आधी हवा थुंकली,
मग ती आली, गार,
अंगाला ब्लीचचा वास.
तीन बादल्या, दोन कळश्या, पिंप.
सव्वापाचला गेंदाबाई ओरडल्या, 'चली गई!'
शेवटची बादली अर्धीच.