वादग्रस्त रक्कम

महोदय,
तुमचं तिसरं पत्र पोचलं.
पाकिटावर लाल शाईत 'अखेरची सूचना',
आधीच्या दोन्हींवरही तेच होतं.

दोनशे बारा डॉलर चाळीस सेंट.
नऊ वर्षांपूर्वीचं टेलिफोनचं बिल.
ज्या कंपनीचं, तिचं नाव दोनदा बदललं,
मग ती आणखी कुणीतरी गिळली,
आणि बाजार उठताना उरलेली हेरिंग घ्यावी
तसं तुम्ही हे बिल इतर हजार बिलांबरोबर
घाऊक उचललंत.
आता वास मला येतोय.

मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं:
रक्कम अमान्य. पुरावा पाठवा.
तुमच्या ओड्रिस्कल नावाच्या माणसाने फोनवर विचारलं,
"बाई, कानांवर हात ठेवून बिल मिटतं का?"
मी म्हटलं, फोन कानाला लावलाय,
हात मोकळा नाही.

पुरावा आला. सहा पानं.
मला वाटलं होतं, येणार नाही.

काउंटी जेल. कलेक्ट कॉल. स्वीकारला.
काउंटी जेल. कलेक्ट कॉल. स्वीकारला.
असे एकोणीस.
सगळे बुधवारी, रात्री नऊ-दहाच्या सुमारास.
बुधवारी मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत असायची,
वाफेच्या रोलरखाली चादरी सारत.
घरी आर्विड एकटा.

तुम्ही आर्विडला ओळखत नव्हता.
अॅल्युमिनियमची फॉइल धुऊन वाळत घालणारा माणूस.
डेरेकला धरून नेलं त्या रात्री
जेवता जेवता म्हणाला,
या नावाचं आपल्या घरात कुणी नाही.
भिंतीवरचा फोटो काढला. खिळा राहिला.
दुसऱ्या दिवसापासून त्या खिळ्याला टोपी अडकवू लागला.
मरेपर्यंत त्याच्या तोंडून पोराचं नाव ऐकलं नाही.
मीही काढलं नाही.
मला वाटायचं, मी नवऱ्याला साथ देतेय.

आणि हा माणूस
'मान्य असल्यास एक दाबा' म्हटल्यावर
एक दाबत होता.
एकोणीस वेळा.
दर कॉलला चार डॉलर पंच्याण्णव सेंट.
पंधरा मिनिटं, पंधरा मिनिटं, पंधरा मिनिटं,
एकदा नुसती तीन.

काय बोलत असतील?
तुमच्या पानांवर ते नाही.
तुमच्याकडे फक्त मिनिटं.

एका बुधवारी मला ताप होता, घरीच होते.
फोन वाजला, मीच उचलला.
यंत्रातली बाई म्हणाली, तुम्हाला कॉल आहे,
आणि मधल्या रिकाम्या जागेत त्याचा आवाज,
घाईघाईने, स्वतःचं नाव सांगणारा.
मी ठेवून दिला.
"कोण?" आर्विडने विचारलं.
राँग नंबर, म्हणाले.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर काळोख होता, तळंसुद्धा दिसत नव्हतं.

तो कॉल या बिलात नाही.
मी सहाही पानं दोनदा पाहिली.
न स्वीकारलेल्याचे पैसे पडत नाहीत.

असो. हिशोबाचं बोलू.
एकसष्ट डॉलर पंधरा सेंट
लाइन कापल्यानंतरचे आहेत. आर्विड गेल्यावर
मीच कापायला लावली, पावती सोबत.
ते अमान्य.
सत्तावन्न डॉलर वीस सेंट तुमचं व्याज नि तुमचा आकार.
तेही अमान्य, आणि कुठल्याही कोर्टात सांगेन.
राहिले चौऱ्याण्णव डॉलर पाच सेंट.
इतकं जुनं देणं कायद्याने मी लागत नाही,
असं ग्रंथालयातल्या मुलीने पुस्तक उघडून दाखवलं.
उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात,
तुमचं रितंच राहिलं असतं.
चेक जोडला आहे.
चेकवर कारण लिहायच्या रेघेवर
बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी 'बुधवार' लिहिलं.

एक विनंती. चौथं पान फार पुसट आलंय,
तारखा वाचता येत नाहीत. नीट प्रत पाठवावी.
डेरेक आता पुलापलीकडे छपरं शाकारतो.
दिवाळं काढल्यासारखं मोजकं बोलतो,
बर्फ किती पडला, एवढंच.
रविवारी येईन म्हणालाय.
मला ती पानं टेबलावर ठेवायची आहेत.

कळावे,
मार्लिस हाक्काला, डुलुथ

ता. क. मला फोन करू नये.
जे असेल ते लेखी.