चार पॉइंटचा खोकला

चाळीस वर्षं खिळे जुळवले मी,
अमळनेरात, बोरीच्या पुलाअलीकडच्या छापखान्यात.
लग्नपत्रिका, तगतरावाची हँडबिलं, पतपेढीचे अहवाल.
बोटांना उलटं अक्षर वाचायची सवय,
डोळ्यांना एक खोड:
छापलेलं दिसलं की आधी चूक शोधायची.

तरी हा कागद मला हरवतो.
गोळ्यांच्या खोक्यात आठ घड्या घालून बसलेला,
कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ,
पाठीवरचं पोटावर दिसतं.
टाइप चार पॉइंट. कदाचित त्याहून बारीक.
आमच्या केसमध्ये सहाच्या खाली खिळाच नव्हता.
मालक म्हणायचे, त्याखाली छापायचं
ते कुणी वाचू नये म्हणूनच.
सगळं इंग्रजी. मराठीचा एक काना नाही.

सुपडाबाईला प्रेशरची गोळी लागली,
आधी महागडी, मग जेनेरिक,
पाच रुपयांच्या जागी एक.
गोळी खरी होती, खोटं कशाला बोलू.
प्रेशर उतरलं, पैसे उरले,
उरलेल्यातून तिने कळण्यासाठी उडीद घेतले.

तिसऱ्या महिन्यात खोकला.
कोरडा, रात्रीचा,
दारावर कुणी नखाने टकटक करावं तसा.
शेजारच्या जिनिंगच्या रुईला दोष दिला.
हळद, अडुळसा, ज्येष्ठमध, छातीचा फोटो,
धुळ्याला दोन खेपा.
ती म्हणायची, "हाऊ खोकला मना नही शे,
कोनी तरी माले दिन्हा."
मी हसायचो.

मे महिन्यातल्या एका दुपारी पंखा बंद करून
जुन्या कंपनीच्या कागदाशेजारी नवा अंथरला,
मूळ प्रत आणि प्रूफ ठेवतात तसे.
भिंग माझं, इंग्रजी नातीचं.
ओळीवर बोट ठेवत गेलो.
जुन्यात, मागच्या बाजूला, खालून सातवी ओळ:
कोरडा खोकला.
नव्यात चक्कर होती, मळमळ होती,
पुरळ तर दोनदा छापलं होतं.
खोकला गळलेला.

गळलेल्या शब्दाच्या जागी आम्ही काकपद काढायचो.
हात आपसूक गेला. काढलं.
आणि मग कळेना,
हे प्रूफ परत पाठवायचं कुणाकडे?
पत्त्याच्या जागी फक्त एक प्लॉट नंबर,
दोन राज्यं पलीकडचा.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळी बदलली.
"आधी का नाही सांगितलं?" म्हणाले.
सुपडाबाई माझ्याकडे बघत राहिली.

एका जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर
मी चोवीस पॉइंटाएवढ्या अक्षरात लिहिलं:
या गोळीने कोरडा खोकला येऊ शकतो.
आला तर डॉक्टरांना सांगा.
गोळी आपल्या मनाने बंद करू नका.
कोठावदेंच्या दुकानातली तेजस्विनी म्हणाली,
"काका, हे लावलं तर कंपनीचा माणूस विचारेल."
थांबली.
मग काउंटरच्या काचेखाली सरकवलं,
गणपतीच्या फोटोला जरा बाजूला करून.

नव्या गोळीची पट्टी तिने कात्रीने कापून दिली.
कागद मागितला.
"अख्ख्या खोक्यात एकच येतो, काका.
तो सकाळी मांगरूळचा एक जण घेऊन गेला."

आता रात्री खोकला नाही.
मी मात्र जागा असतो.
मांगरूळात कुणाच्या तरी खिशात
आठ घड्यांच्या आत
माझ्या बायकोबद्दल काहीतरी छापलेलं आहे,
आणि त्या माणसाने बहुतेक
बसस्टँडवरच
त्यात चुना बांधून घेतला असेल.