एकच पिन उरली

मल्लिनाथ पायरीवर बसून भाव सांगतो
टॉवेलाच्या डझनाचे सांगावेत तसे:
मोडेम-राउटर एकाच डब्यात,
नाहीतर दोन वेगळे, नऊशे जास्त.

एकाला जागा कमी लागते, म्हणतो,
पण मेला की सगळंच मेलं.

मी बोर्डाकडे बघतो. तीन पिना.
एक फ्रीजची.
एक मोटारीची, ती काढायची नाही,
पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी येईल सांगता येत नाही.
उरली एक.

मागे चारही माग चालू.
शेडमधून अंबुबाई ओरडते, फोटो जाईना!
चादरीवरचा मोर अर्धाच पोचलाय व्यापाऱ्याला,
पिसाऱ्याशिवाय.

जुना डबा एप्रिलमध्ये पत्र्याखाली तापायचा.
आप्पा त्याच्यावर ओला पंचा टाकायचे,
ताप आलेल्या पोरासारखा.
शेवटी पंचा वाळला, डबा गेला.
आप्पांना अजून वाटतं पंचा कमी ओला होता.

वेगळे घेतले तर राउटर शेडच्या भिंतीवर ठोकता येईल,
मोडेम इथेच, देवळीत.
एक बिघडला तर एकच बदलायचा.
हे व्यंकटेशअण्णाही म्हणाला होता,
डब्यांबद्दल नव्हे,
गेल्या पाडव्याला वर चूल मांडताना.
वीजबिल अजून एकच येतं.

दोन दे, मी म्हणतो.
दुसऱ्याची वायर वरून ओढू, अण्णाच्या बोर्डातून.

मल्लिनाथ पेनाचं टोपण दातात धरून विचारतो,
कनेक्शन कुणाच्या नावावर टाकू?

धोटा इकडून तिकडे जातो.
परत येतो.