आधी बारसं

बाळाचा पत्ता नव्हता, तेव्हाच बारसं उरकलं.
आठ दिवसांच्या वाटेवर, कुणाच्या तरी जेवणघरात,
ताटं बाजूला सारून नकाशा पसरला.
एवढी रुंद नदी, एवढा गाळ, दरसाल पूर,
"नाईलच की ही," एक जण म्हणाला.
नाईल तिथं कुणीच पाहिली नव्हती.
पुस्तकातली एक राजधानी उचलली
आणि मिसिसिपीच्या कड्यावर ठेवून दिली: मेम्फिस.
शाई वाळायच्या आत कोपऱ्यावरचा भूखंड कुणाचा
यावरून दोघांत वाजलं.
बाजारात तुरी म्हणतात, ती ही.

कड्यावर त्या मे महिन्यात
बोरूचं बन, डास, दारूची दोन खोपटी,
आणि टॅरेल नावाचा मोजणीदार,
ज्याला दिवसाआड हिवताप भरायचा.
साखळी ओढायला क्वाको.
सहासष्ट फूट, शंभर कड्या,
खुंट्यांची मोळी काखेत, बोरूनं सोललेल्या पोटऱ्या.

मालक त्याला जॅक म्हणे.
क्वाको म्हणजे बुधवारी जन्मलेला.
आजीनं समुद्रापलीकडून आणलेलं
एवढं एकच सामान जप्तीत सापडलं नव्हतं.
एक साखळी संपली, खुंटी ठोकली,
की तो ते नाव एकदा पुटपुटायचा,
मोजणी चुकू नये म्हणून. (टॅरेलला वाटे, प्रार्थना.)
तेव्हा खरं तर त्या शहराचा पहिला रस्ता
साडेबावीस बुधवार लांब आहे.
कुठल्याही नकाशावर तसं लिहिलेलं नाही.

शावी हरणाची कातडी विकायला यायची.
चिकसॉ. गेल्या साली हा सगळा मुलूख
कागदावर फुल्या मारून विकला गेला,
तिला कुणी विचारलं नव्हतं.
"इथं काय होणार?"
"शहर."
"कुठं?"
क्वाकोनं खुंटी दाखवली.
ती खुंटीभोवती एक फेरी मारून आली,
विकायला काढलेल्या बैलाभोवती मारतात तशी.
"नाव काय त्याचं?"
त्यानं सांगितलं.
"म्हणजे काय?"

टॅरेल तीन घोंगड्यांत कुडकुडत होता.
"जुनं आहे," तो दातांवर दात आपटत म्हणाला. "राजे राहायचे."
"मग आता कुठं गेले?"
"वाळू आहे आता तिथं. पाणी दे."

त्याला ठाऊक नव्हतं:
त्या नावाचा मुळात अर्थ होता टिकाऊ आणि देखणं.
आणि त्या टिकाऊ नगरीचे चिरे
लोकांनी गाढवांवर लादून
शेजारच्या नव्या शहराच्या भिंतींत घातले,
उरलेल्या खड्ड्यांत खजूर उगवला.

शावीनं या कड्यासाठी एक शब्द उच्चारला,
घशातून, मधेच अडखळल्यासारखा.
क्वाकोनं दोनदा म्हणून पाहिला, जमला नाही.
ती हसली, कातडी उचलली, गेली.
टॅरेलच्या वहीत तो शब्द नाही.
माझ्याकडेही नाही.
या कवितेत तेवढी जागा मी
मोकळी सोडतोय असंही नाही;
ती आपोआपच राहते.

पुढच्या वसंतात नदी वर आली
आणि पहिल्या रांगेतल्या सहा खुंट्या घेऊन गेली.
सहा भूखंड, तेव्हा, समुद्रात कुठंतरी
अजून कुणाच्या तरी नावावर असतील.
क्वाकोनं नव्या ठोकल्या, थोड्या मागे.
थोडं मागे सरकतच हे शहर पुढे वाढलं.

एक गोष्ट तिथं गेल्याशिवाय कळत नाही:
ज्या नदीसाठी एवढा खटाटोप,
तिचं पाणी ते शहर पीत नाही.
खाली, शेकडो फूट, वाळूचा थर आहे,
त्यात जुना पाऊस साठलाय,
राजे जिवंत होते तेव्हा पडलेलाही असेल त्यात.
वाळूच आहे तिथंही, टॅरेल.

रात्रपाळीला पंपघरात लव्हर्निया पीबल्स असते.
पणजोबांच्या मागचं तिला काही माहीत नाही;
त्यांच्या मागे फक्त जॅक, जॅक, आणि एक आकडा.
दोन वाजता ती नळाखाली पेला धरते,
उभ्यानंच पिते, मनगटानं ओठ पुसते,
मग काट्याकडे बघून वहीत भरते
दाब, तारीख, वार.