कारणे द्या, गुण पाच

खानापुरात वीज गेली की जांबोटीकडचं जंगल
एक घर पुढं सरकतं.
कंदिलाजवळ नववी ‘ब’चा गठ्ठा. तांबडं पेन.
प्रश्न चौथा: अमेरिकेतल्या वसाहतींनी
इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड का केलं?

उत्तरसूची बेंगळुरूहून आलेली, झेरॉक्सची झेरॉक्स.
मुद्रांक कर, चहावरचा कर,
पार्लमेंटात प्रतिनिधी नाही,
सैन्याचा खर्च, राजाचं अंतर.
मुद्द्याला एक गुण.

एकोणतीस पोरांनी पाठ केलेलं तेच लिहिलंय.
सदानंद कुप्पटगिरीनं मुद्रांकाचं मृदंग केलंय.
मृदंगावर कर.
अर्धा गुण दिला;
राजे कशावर कर लावतील, सांगता येत नाही.

मग तिसावा पेपर. तुळसा यमकर,
माणतोळीच्या धनगरवाड्यावरची, ओढ्यापलीकडची.
मुद्दे नाहीत, आकडे नाहीत,
समासातही लिहिलंय:

‘राजा वाईट नसणार. लांब असणार.
जहाजाला जायला दोन महिने, यायला दोन.
म्हणजे चैत्रात लिहिलं, म्हशीला रोग झालाय,
तर श्रावणात विचारणा येणार, कुठली म्हैस?

आमच्या ओढ्यावर साकव पाहिजे म्हणून
बाबानं अर्ज दिला तेव्हा मी अंगणवाडीत.
उत्तर यंदा आलं. कुणाला वाचता येईना.
हिरेमठ सरांकडं नेलं. त्यांनी दोनदा वाचलं,
चष्मा पुसला, म्हणाले,
हे कन्नडही नव्हं गं, हे सरकारी आहे.
मग उलगडून सांगितलं:
नकाशाप्रमाणे तुमच्या गावात ओढाच नाही.
बाबा म्हणाला, मग मी रोज भिजूलालोय कशात?

काकी त्याच काठावर बाळंत झाली.
पोराचं नाव वेगळं आहे,
पण आम्ही त्याला साकव म्हणतो.

चहाचं पुस्तकात आहे ते मला पटत नाही.
नुसता महाग झाला म्हणून कोण समुद्रात टाकतं?
आम्ही कोरा पितो, पण घोटभर सांडत नाही.
पण पाव्हणा आला तर आई आधी विचारते,
साखर किती?
तिथं पाणी त्यांचं, चूल त्यांची, धूर त्यांच्या डोळ्यात,
आणि साखर किती ते लांबचा माणूस ठरवणार.
विचारणारसुद्धा नाही.
मी असते तर मीपण ओतला असता.’

खाली थोडी खाडाखोड. मग बारीक अक्षरात:
‘पण राजा गेल्यावर साकव कुणी बांधला
ते पुस्तकात दिलेलं नाही.’

सूचीप्रमाणे एक गुण. अंतर हा मुद्दा आलाय.
मी एक लिहिला.
कंदिलाची काच एका बाजूनं काळी पडत गेली.
सूची करणाऱ्यानं माणतोळी पाहिलेली नसणार.
अकरा वर्षं झाली इथं, मीही नाही.
माझाही बदलीचा अर्ज आहे,
कुठल्या तरी जहाजात.

सकाळी दुसऱ्या तासाला तुळसा दारात.
स्कर्टची किनार पिळलेली, चपला हातात.
एरवी मी हजेरीतनं मान वर न करता
उशीर का, एवढंच म्हणते.
आज विचारलं, पाणी किती होतं?

ती बघतच राहिली.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मग तिनं छातीच्या खाली
आडवा हात धरला,
जरा थांबली,
आणि खोटं नको म्हणून
तो चार बोटं खाली घेतला.