कमरेइतकी विहीर

तेवीस किलो, त्याच्यावर एक ग्रॅम नाही.
घरात काटा कुठला, म्हणून बॅग घेऊन मोंढ्यात गेले.
तुरीचं पोतं उतरवून इस्माईल हमालानं
माझी बॅग ठेवली, वाकून बघितलं.
"सव्वीस हाय आक्का. काय भरलंय एवढं?"

तिथंच उघडली, भुशावर, सगळ्यांसमोर.
सुती साड्या, मच्छरदाणी, येसराचा डबा,
आणि तळाशी पाने, पाईप धरायचा चाप,
सुतळीत ओवलेले चामडी वॉशर.
"लोखंड काढा की," तो म्हणाला.
मी येसर काढला. मग एक साडी.
मग दुसरी.

एकतीस वर्षं मी हातपंप उघडले,
उदगीर, देवणी, जळकोट, वर-खाली सगळी गावं.
माझ्या ओळखीचं पाणी म्हणजे उभं पाणी:
दहा-दहा फुटांचे पाईप एकेक वर ओढायचे,
शेवटचा हाताला गार लागला तर आहे,
नाही तर तांबडी धूळ
आणि भोवती घागरी घेतलेल्या बायांची तोंडं.
आडवं पाणी पाहिलं ते तिरूच्या धरणाचं.
तेही भरलेलं असं एकदाच.

जाऊ विचारते, "पगार किती?"
नाही.
"मग काऊन जायलीस?"
राहायला देतात. खायला देतात.
"ते तर हितं बी हाय."
हे खरंच होतं, म्हणून मी वॉशर मोजत बसले.

शाळेतल्या पृथ्वीच्या गोळ्याला पोचा पडलाय,
पोरांनी त्याचा चेंडू केला होता कधीतरी.
बेट नेमकं पोच्यात.
बिराजदार गुरुजींनी बोटानं दाबून पाहिलं,
पृथ्वी आणखीच आत गेली.

सेफो नावाची बाई तिकडून लिहिते,
भाची फोनवरून मराठीत करून सांगते:
आमच्या विहिरी कमरेइतक्या आहेत.
गोडं पाणी सायीसारखं वर धरतं,
त्याच्या खाली समुद्र.
जोरात उपसलं तर सगळंच खारं होतं.
पंप बसवायला शिकवा,
पण हळू ओढणारा.

मी तीनदा वाचायला लावलं.
कमरेइतकी?
आमच्याकडं तेवढ्या खड्ड्यात आंबा लावतात.
जन्मभर मी एकच सांगत आले,
अजून दोन पाईप सोडा, अजून दोन,
आणि तिथं जाऊन म्हणायचं, बस,
इथंच थांबा.
हे म्हणायला जीभ वळेल का,
रात्री एकटीच म्हणून बघितलं.
भिंतीवरची पालच तेवढी थांबली.

छप्पन्नाव्या वर्षी पोहणं.
बस्वराजच्या विहिरीत, दुपारी, कुणी नसताना,
पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून.
ते पोरगं कठड्यावरून ओरडतंय,
"आक्का, पाय मारा, पाय! पाणी काय खातंय व्हय?"
नाकातोंडात गेलं तेव्हा कळलं,
एवढी वर्षं मी पाणी वर आणलं,
पाण्यात कधी गेलेच नाही.

निघायच्या सांजेला तांड्यावरून फोन:
दांडा वर येतो, पाणी येत नाही.
मी चप्पल घातली. मग काढली.
जुलेखाला पाठवलं. दोन वर्षं माझ्या हाताखाली,
पाना अजून उलटा धरते.
तासाभरानं तिनं फोन नुसता पंपाशी धरला.
खट. खट. खट. मग तो कोरडा घसा,
मग धार. कळशीच्या बुडावर पडणारी.
"वॉशरच व्हता," ती म्हणाली.
तिला शाबास म्हणायचं राहून गेलं.

आता हैदराबादची गाडी बिदरच्या पुढं आलीय.
प्रत्येक खड्ड्याला पायाखाली पाने वाजतात,
शेजारची बाई बॅगेकडं संशयानं बघते.
सेफोचा निरोप आलाय, भाचीनं पुढं धाडलाय:
विमानतळावरून होडीनं यायचंय,
तुम्हाला पोहता येतं ना?

बराच विचार करून मी लिहिलं,
विहिरीत येतं.