धरा, तिकडेच कुठेतरी

लग्नात भटजींनी अरुंधती दाखवली
तेव्हा कुडाळवर ढग होते.
त्यांनी मांडवाच्या कापडाकडे बोट केलं,
म्हणाले, धरा, तिकडेच कुठेतरी आहे.
आम्ही दोघांनी नमस्कार केला
ट्यूबलाइटला.

टिळवे सर तत्त्वज्ञान शिकवायचे, वर्गात सात मुलं.
आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, म्हणायचे,
नजर ठरली की सांगायचं, तो नव्हे, त्याच्या कुशीतला बारीक.
फांदीवरचा चंद्र फांदीवर नसतो.
ग्रीसमधला कोणी तारे बघत चालला
आणि विहिरीत पडला, मोलकरीण हसली.
सर पडलेल्याच्या बाजूने,
मी त्या बाईच्या.
पाणी तिला भरायचं होतं.

सोहार बंदर, चार नंबरचा धक्का, रात्रपाळी.
मी कंटेनर मोजतो.
भिंतीवर पाच भाषांत लिहिलंय: चालताना समोर बघा.
रिफायनरीची ज्योत आभाळ तांबूस ठेवते.
चंद्र आज क्रेनच्या हातावर आहे,
म्हणजे नाही.

ऑगस्ट संपत आला तरी पहाटे साडेचारची हवा
ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
खलफान अल् बलुशी चहा ठेवून उठतो.
त्याचा बाप गलबताचं सुकाण धरायचा,
हा फोर्कलिफ्ट चालवतो.
सुहैल, म्हणतो, आणि बोट करतो.
मी बोटामागून जातो: क्रेन.
ला, ला.
एवढं अरबी मला येतं.
क्रेनच्या पलीकडे लाल दिवा.
ला.
दिव्याच्या खाली, दगडी बांध संपतो तिथे
आधी काहीच नाही,
मग वाफेत थरथरणारं काहीतरी,
विझेल असं वाटणारं, न विझणारं.

आता रात्री भरून ठेवलेलं पाणी गार लागेल, तो म्हणतो.
आमच्याकडे हा अगस्ती, मी सांगतो,
हा उगवला की गढूळ नदी निवळते.
याने एकदा अख्खा समुद्र पिऊन टाकला होता.
खलफान खारं पाणी गोडं करणाऱ्या
कारखान्याच्या चिमण्यांकडे बघतो.
आम्ही रोज पितो, म्हणतो. बिल येतं.

घरी फोन लावला.
तिकडे सव्वासहा, उजाडून गेलेलं.
कॅमेरा वळवून धरला: दिसतोय?
काळंच आहे सगळं. एक पिवळा दिवा आहे.
तो नव्हे.
ती जराशी थांबली.
बरं, म्हणाली, धरला,
आणि कणकेचा हात
तसाच कपाळाला लावला.